जबडा दुखतो की तोंडच उघडत नाही? फरक ओळखा

सकाळी उठल्यावर कानासमोर दुखतं, घास चावताना ‘कट्’ असा आवाज येतो. बरेच जण आधी कानात तेल घालतात, मग दाढेला दोष देतात. कान ठीक, दाढही ठीक. दुखणं असतं सांध्याचं.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा. डॉक्टर त्याला टीएमजे म्हणतात. बिजागरीसारखा तो फिरतो, शिवाय पुढेही सरकतो. आत एक चकती असते, ती जागची हलली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. पण झोपेत दात खाणं, ताणामुळे दिवसभर दात आवळून ठेवणं, मार लागणं, यांनी सांधा आणि भोवतीचे स्नायू दुखू लागतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं.

बहुतेकांना घरगुती काळजीनेच आराम पडतो. काही दिवस खिचडी, दलिया, मऊ भात खा. नान खलिया समोर आलाच तर नान रश्श्यात भिजवून घ्या, बोटी दुसऱ्याला द्या (शिक्षाच आहे, पण थोड्या दिवसांची). गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीनदा शेका. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात टेकलेले नाहीत, अशी सवय लावा. फरक पडला नाही तर दंतवैद्य रात्री लावायचा नाइट गार्ड बनवून देतात. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. दात घासून ‘चावा बसवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.

पण आपल्याकडे तोंड कमी उघडणं म्हणजे दरवेळी सांधाच नसतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी शाळकरी मुलांच्या खिशात सुपारीच्या पुड्या मी स्वतः पाहतो. सुपारीने गालाचं आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं. आधी तिखट झोंबतं, गाल आतून पांढुरके होतात, मग तोंड आवळत जातं. हा सबम्यूकस फायब्रोसिस. यातून पुढे काहींना कर्करोग होतो. ‘नुसती गोड सुपारी आहे, तंबाखू नाही’ हे ऐकून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारी बंद करणं हाच पहिला उपचार, मग व्यायाम आणि इंजेक्शनं.

आज घरी एवढं करा: मुलाला त्याचीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर शेक देत बसू नका. घाटी परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे न्या, आणि सुपारीची सवय लपवू नका.

जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं तर घरी जोर लावू नका, दवाखाना गाठा. आणि चालताना जबडा दुखून घाम येत असेल, छाती भरून येत असेल, तर दंतवैद्य नको, सरळ हृदयाच्या तपासणीला.