कबुली आणि पुरावा : भारतीय पोलीस तपासातील विवेकाचा इतिहास

पोलिसांच्या कामात तर्क आणि नीती या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तर्क हा तपासाच्या तंत्राचा भाग, तर नीती हा वैयक्तिक चारित्र्याचा विषय, अशी ही विभागणी आहे. अभ्यासक्रमांतही दोन्हींसाठी वेगवेगळे तास असतात. भारतातील गुन्हे तपासाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही विभागणी टिकत नाही. तपास अधिकाऱ्याने विचाराचे कष्ट टाळले की त्याचा भार कोणत्या तरी माणसाच्या अंगावर पडतो, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. कबुलीजबाब आणि पुरावा यांच्यातील जुना झगडा हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

मद्रासचा अहवाल आणि कायद्याचा अविश्वास

१८५४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये झालेल्या चर्चेनंतर मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमण्यात आला. इलियट, स्टोक्स आणि नॉर्टन हे त्याचे सदस्य होते. १८५५ मध्ये सादर झालेल्या अहवालाने महसूल वसूल करण्यासाठी आणि गुन्ह्याची कबुली मिळवण्यासाठी रयतेचा छळ केला जातो, हे मान्य केले. सारा वसूल करणारे आणि चोर पकडणारे हात एकच होते, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. एकाच माणसाकडे दोन्ही अधिकार असले, तर त्याच्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करावयाची, हा प्रश्न रयतेपुढे उभा राहत असे.

१८५७ च्या उठावानंतर पोलीस दलाची नव्याने बांधणी झाली आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक असाधारण तरतूद करण्यात आली. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे तिचे स्वरूप होते. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हीच तरतूद कलम २५ आणि २६ मध्ये आली. कलम २७ ने मात्र एक वाट मोकळी ठेवली. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू किंवा बाब प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला माहितीचा भाग तेवढा सिद्ध करता येतो.

ज्या सरकारने पोलीस दल उभे केले, त्याच सरकारने त्या दलाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये असे न्यायालयांना सांगावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. स्टीफन यांनी पुढे आपल्या इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या इतिहासात एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचे मत नोंदवले आहे. छळामागे बऱ्याच अंशी आळस असतो; उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे सोपे वाटते, असा त्या मताचा आशय होता. या निरीक्षणात वसाहतवादी तुच्छता नाही असे म्हणता येणार नाही. तथापि त्यातील मुद्दा महत्त्वाचा आहे. क्रौर्याचा उगम येथे दुष्ट स्वभावापेक्षा न केलेल्या कामात शोधला आहे.

जलपाईगुडीचे पंचांग

अविश्वासाने वाईट मार्ग बंद करता येतो. चांगला मार्ग त्यातून आपोआप निर्माण होत नाही. तो निर्माण होण्यास बंगालमध्ये सुरुवात झाली. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची नोंद ठेवणारे कार्यालय सुरू झाले. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत जगभर गेली. तिच्यामागील गणिती मांडणीत काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांचा मोठा वाटा होता. हक हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी होते. हजारो ठशांतून नेमका एक ठसा थोड्या वेळात कसा शोधावा, हा मूळ प्रश्न होता. सर्व ठशांची १,०२४ कप्प्यांत विभागणी करून त्याचे उत्तर मिळाले. दोघांच्या कामाची सरकारी दखल बऱ्याच वर्षांनी घेतली गेली. हक यांना खानबहादूर, तर बोस यांना रायबहादूर हा किताब मिळाला आणि प्रत्येकी ५,००० रुपयांचे मानधनही मिळाले.

कार्यालय सुरू झाले त्याच वर्षी जलपाईगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत आढळला. त्याची पेटी फोडलेली होती. संशयितांची कमतरता नव्हती. मळ्यावरील मजुरांचा त्याच्यावर राग होता. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते आणि ते साहेबाच्या जेवणासाठी कापलेल्या कबुतराचे आहेत, असे तो सांगत होता. एका स्त्रीशी असलेल्या संबंधांमुळे तिचे नातलग संशयात होते. जवळच भटक्या काबुल्यांची टोळी उतरली होती. शिवाय मृताने पूर्वी चोरीबद्दल तुरुंगात धाडलेला एक जुना नोकरही होता.

अशा वेळी काय घडू शकले असते, याची कल्पना मद्रासच्या अहवालाच्या वाचकास सहज करता येईल. रक्ताळलेल्या कपड्यांचा स्वयंपाकी हाताशी होता आणि परक्या मुलुखातील काबुल्यांची बाजू घेणारे तेथे कोणी नव्हते. प्रत्यक्षात तपास वळला तो पेटीतील कागदपत्रांत सापडलेल्या एका बंगाली पंचांगाकडे. त्याच्या निळ्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगातून पाहता त्यातील एक डाग उजव्या हाताच्या बोटाचा अर्धवट ठसा असल्याचे दिसले. तो कलकत्त्याच्या नोंदींशी ताडून पाहिला असता कांगालीचरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. रासायनिक तपासणीत डाग रक्ताचे असल्याचे निष्पन्न झाले. कांगालीचरणला दूरच्या बीरभूम जिल्ह्यातून पकडण्यात आले.

बोटांच्या ठशांच्या इतिहासात हा खटला प्रारंभीचा विजय म्हणून सांगितला जातो. त्याचा शेवट मात्र बहुतेक वेळा घाईने उरकला जातो. १८९८ मध्ये न्यायालयाने कांगालीचरणला चोरीबद्दल दोषी ठरवले आणि खुनाच्या आरोपातून मुक्त केले. रक्ताळलेल्या हाताने त्याने पेटीतील कागद हाताळले, एवढे ठशावरून सिद्ध होत होते. सुरी कोणी चालवली, हे पाहणारा साक्षीदार नव्हता. संशय अर्थातच दाट होता. तरीही पुरावा जेथे थांबला तेथे न्यायालय थांबले. ठशांबाबत तज्ज्ञांचे मत ग्राह्य धरण्यासाठी पुरावा कायद्यात स्पष्ट दुरुस्ती झाली ती त्यानंतर, १८९९ मध्ये. नवे साधन हाती येत असतानाच त्याची मर्यादाही ओळखली गेली, हे या खटल्याचे खरे मोल होय.

जन्मावरून संशय

हेच साधन विवेकाविना कसे वापरले जाते, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः संशयित ठरवले होते. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि नोंद झालेल्या व्यक्तींच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार मिळाला. सोलापूरची तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’ ही त्याच धोरणाची खूण होती. जलपाईगुडीत ठशाने निरपराध स्वयंपाक्यावरील संशय दूर केला. येथे त्याच शाईने गुन्हा घडण्याआधीच संशय कायम केला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कागदावरचा शिक्का गेला तरी चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय सहजासहजी गेली नाही.

अपवादाचे कायदे आणि अक्षरधाम

१८७२ च्या नियमाला स्वातंत्र्यानंतर मोठे अपवाद झाले. १९८७ च्या ‘टाडा’ कायद्याने पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली ग्राह्य ठरवली. करतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ती तरतूद वैध मानली, मात्र त्याबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. ‘टाडा’ १९९५ मध्ये संपला. २००२ च्या ‘पोटा’ कायद्यात अशीच तरतूद अधिक अटींसह आली आणि तो कायदा २००४ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातही अशी तरतूद आहे.

२४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर झालेल्या हल्ल्यात तीसहून अधिक लोक मारले गेले आणि दोन्ही हल्लेखोर ठार झाले. त्यांना मदत केल्याच्या आरोपावरून सुमारे वर्षभरानंतर अटका झाल्या. २००६ मध्ये ‘पोटा’ न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी तिघांना फाशी सुनावण्यात आली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. खटल्याचा मुख्य आधार पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुल्या हाच होता आणि कायद्याने घातलेल्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या, असे न्यायालयास आढळले.

या खटल्यातही एका कागदाला महत्त्व होते. हल्लेखोरांच्या खिशांत दोन उर्दू पत्रे सापडल्याचे आणि ती एका आरोपीने लिहिल्याचे सांगण्यात आले होते. मृतदेह गोळ्यांनी चाळणी झालेले आणि रक्ताने माखलेले होते. पत्रे मात्र न फाटलेली, डागविरहित होती. जलपाईगुडीच्या तपासात कागदावरील पुसट डागाकडे लक्ष गेले, तर येथे कागदावर डाग नाही याकडे लक्ष जाण्यास सर्वोच्च न्यायालयापर्यंत यावे लागले. तोपर्यंत अटकेला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मंदिरात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांनाही अशा तपासाने न्याय मिळाला नाही. निरपराध माणूस कोठडीत असतो तेव्हा खरा साथीदार मोकळा असतो, हे साधे अंकगणित आहे.

अधिकार आणि समर्थन

१९९४ च्या जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटक करण्याचा अधिकार असणे आणि त्या अटकेचे समर्थन असणे यांत स्पष्ट भेद केला. डी. के. बसू खटल्याच्या १९९६ च्या निकालाने अटकेची लेखी नोंद, नातलगांना खबर आणि वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरवली. २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीविना केली जाणारी नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. डोळ्यांत चोळलेल्या तिखटापासून शिरेत टोचलेल्या औषधापर्यंत साधने बदलली, तरी मोह एकच होता : पुरावा शोधण्याऐवजी माणसाकडून उत्तर काढून घेण्याचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही १८७२ चा तो अविश्वास कायम आहे.

महाविद्यालयीन वर्गात जलपाईगुडीचा खटला प्रश्न म्हणून मांडता येतो. पाच संशयितांची यादी फळ्यावर लिहावी आणि ठशाची माहिती सांगण्याआधी विद्यार्थ्यांना विचारावे, प्रथम कोणाला पकडाल? मग विचारावे, का? पहिल्या प्रश्नाची उत्तरे भराभर येतात. स्वयंपाक्याचे रक्त आणि काबुल्यांचे परकेपण यांना त्यात किती वजन मिळाले, हे दुसऱ्या प्रश्नावर उघड होते. शेवटी निकाल सांगावा, खून सिद्ध झाला नाही. पुष्कळांना तो अपुरा वाटेल. त्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खुनी कोण, हे कायद्याच्या दृष्टीने आजही ठरलेले नाही. असे प्रश्न उघडे ठेवण्याची तयारी ज्या समाजात आहे, त्या समाजातील फौजदारालाच पुराव्याच्या पलीकडे न जाण्याचे बळ मिळते.