एका किडीचें तीनदां बारसें



आपल्या कोशिंबिरींत आणि सारांत नित्य पडणारें टोमॅटो, ज्यास विदर्भाकडे भेदरें म्हणतात, हें मूळचें दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या परिसरांतलें. मेक्सिकोंतील लोकांनीं त्याची लागवड वाढविली आणि सोळाव्या शतकांत तें स्पॅनिश लोकांबरोबर युरोपांत गेलें. या फळाचा इतिहास अनेकांनीं सांगितला आहे. मी आज सांगणार आहें तो त्याच्या एका वैऱ्याचा. हा वैरी इतका लहान, कीं पांच-सहा जण एकामागें एक उभे केले तर कोठें एक मिलिमीटर भरेल!

त्याची करणी मात्र साऱ्यांना दिसते. झाडाचें खोड बुडाशीं तांबूस, गंजल्यासारखें होतें व त्यावरची लव झडते. खालचीं पानें चकाकूं लागतात, मग पितळी होतात आणि करपतात. हें करपणें बुडापासून शेंड्याकडे चढत जातें. पानांचें छत्र गेलें, कीं उघडीं पडलेलीं फळें उन्हानें भाजतात. शेतकऱ्याला वाटतें, पाणी कमी पडलें. शेजाऱ्याला वाटतें, बुरशी आली. कीड आहे असें कोणाच्याच मनांत येत नाहीं, कारण ती डोळ्यांस दिसत नाहीं.

हा घोटाळा केवळ शेतकऱ्यांचाच झाला असें नव्हे. ही कीड कोळ्याच्या गोत्रांतील. तिच्या भाऊबंदांमुळें पानांवर जी लोंकर उगवते, ती पेर्सोन नांवाच्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानें बुरशीच समजून तिला 'एरिनियम' असें नांव दिलें होतें. त्याच्याही आधीं १७३७ सालीं फ्रान्सच्या रेओम्यूर यांना पानांवरील गांठींत बारीक अळ्या दिसल्या होत्या. पण कोळ्याच्या गोत्राला आठ पाय असतात आणि या जीवांना तर चारच! तेव्हां हीं दुसऱ्या कोणाचीं तरी अपुरीं पिल्लें असावींत, असा तर्क निघाला. १८५१ सालीं दुजार्दें यांनीं त्यांच्या पोटांत अंडीं पाहिलीं आणि निर्णय झाला कीं, हे चार पायांचे जीव पूर्ण वाढलेलेच आहेत. पुढें ऑस्ट्रियाचे नालेपा यांनीं अशा शेंकडों जातींचीं वर्णनें केलीं.

टोमॅटोवरील जात मात्र विसाव्या शतकांत उजेडांत आली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत हेन्री ट्रायन हे सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. निवडुंगाच्या उच्छादावर उपाय शोधण्यासाठीं १९१२ सालीं ज्या दोघांना जगप्रवासास पाठविण्यांत आलें, त्यांपैकीं हे एक. त्या फेरींत ते आपल्या देशांतही येऊन गेले. त्यांनीं १९१७ सालीं या किडीचें वर्णन प्रसिद्ध केलें. वीस वर्षांनीं, १९३७ सालीं, इंग्लंडांतील ईस्ट मॉलिंगच्या संशोधनकेंद्रांतील मॅसी यांनीं तीच कीड नवी म्हणून वर्णिली. टोमॅटोच्या शास्त्रीय नांवावरून दोघांनींही 'लायकोपर्सिसाय' हाच शब्द योजिला! तीनच वर्षांनीं, १९४० सालीं, कॅलिफोर्नियांत कायफर यांनीं तिचें तिसरें बारसें केलें आणि नांव ठेविलें 'डिस्ट्रक्टर', म्हणजे संहारक. पुढें कायफर यांनींच १९६६ सालीं 'ॲक्युलॉप्स' ही प्रजाति स्थापिली आणि आज ही कीड तींत गणली जाते. तरीही कांहीं ग्रंथांत तिच्या नांवापुढें ट्रायनचें, तर कांहींत मॅसीचें नांव लागतें.

कोणी म्हणेल, नांवाचा एवढा खल कशाला? उत्तर असें कीं, नांव हा ज्ञानाचा पत्ता आहे. पत्ता निराळा असला, कीं एका देशाचा अनुभव दुसऱ्याच्या दारीं पोहोंचत नाहीं. या किडीवर गंधक चांगलें लागू पडतें, आणि गंधकासारखें स्वस्त व जुनें औषध दुसरें कोणतें? (कडक उन्हांत मात्र त्यानेंच पानें भाजतात, हें विसरूं नये.) पण औषध ज्याच्या हातीं आहे त्याला कीड ओळखतां आली नाहीं, तर तें हातांतच राहतें.

आणि ओळखण्यास फार अवधि मिळत नाहीं. उबदार हवेंत सुमारें आठवड्यांत तिची एक पिढी पुरी होते. फलन न झालेल्या अंड्यांतूनही नर निपजतात. त्यामुळें वाऱ्यानें वाहून आलेली एकटी मादीसुद्धां नवें बिऱ्हाड थाटूं शकते. टोमॅटोच्या चिकट लवेंत मोठे भक्षक कीटक अडकतात, पण हा चिमुकला जीव तिच्या आडोशानें सुखानें राहतो. म्हणजे झाडाचें चिलखत शत्रूच्याच उपयोगीं पडतें! मेलेल्या झाडावर मात्र त्याला जगतां येत नाहीं. म्हणून जुनीं झाडें उपटून नष्ट करावींत, आणि बांधावरची कामोणीही काढावी, कारण ती टोमॅटोचीच सगोत्र असून या किडीला आसरा देते.

शहरांत ज्यांच्या सज्जांत कुंडींत टोमॅटो लावलेले आहेत, त्यांना माझी एवढीच सूचना आहे. झाडाचें बूड तांबूस दिसूं लागलें, तर पाण्याचा तांब्या ओतण्यापूर्वीं दहापट मोठें दाखविणारें भिंग घेऊन खोड पाहावें. फिकट पिवळसर, पाचरीच्या आकाराचे जीव हळूहळू सरकतांना दिसले, तर शास्त्रज्ञांना जें उमगण्यास पिढ्या लागल्या, तें तुम्हांस एका क्षणांत उमगेल.