सिकलसेल : रक्त कुणाचं, प्रश्न कुणाचा?

सिकलसेलची तपासणी सांगितली की पेठ-सुरगाण्याकडचे पेशंट कधीकधी विचारतात, "डॉक्टर, रक्त नेता, मग त्याचं पुढं काय करता?" तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, तर तो योग्यच आहे. त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

डिसेंबर १९०४. शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला वॉल्टर नोएल हा दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला. अर्नेस्ट आयरन्स या इंटर्नने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या. १९१० मध्ये डॉ. हेरिक यांनी त्यावर लेख छापला. नोएल मायदेशी परतून दंतवैद्य झाला आणि १९१६ साली गेला. लेखात त्याचं नाव नव्हतं. पेशी पहिल्यांदा बघणारा एक शिकाऊ डॉक्टर होता, आणि ज्याच्या त्या पेशी होत्या तोही विद्यार्थीच, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. (हा फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भात तो इतर समाजांतही आहे.) पुढे नमुने घेतले गेले, तक्ते झाले, निबंध झाले. रक्त देणारे पाड्यावरचे आणि प्रश्न ठरवणारे शहरातले, अशी वाटणी मात्र बरीच वर्षं राहिली.

या वाटणीतून काय होतं ते अमेरिकेत दिसलं. अ‍ॅरिझोनातल्या हावासुपाई जमातीने १९९० नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. त्यावर मानसिक आजार आणि पूर्वजांचं स्थलांतर असे भलतेच अभ्यास झाले. लोक कोर्टात गेले. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर भरपाई दिली आणि उरलेले नमुने परत केले. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात मूलनिवासी विद्यार्थ्यांना जनुकशास्त्र शिकवणारी उन्हाळी कार्यशाळा सुरू झाली. संशोधन कसं चालतं ते त्यांच्याच मुलांना कळावं, आणि नको तिथे 'नाही' म्हणता यावं, हा विचार त्यामागे होता.

आपल्याकडे उन्हाळी संशोधनाची वाट त्याहून जुनी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती १९७९ पासून आहे. वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाबरोबर छोटा विषय निवडायचा, दोन महिने काम करायचं आणि अहवाल द्यायचा. ती सर्वांना खुली आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून नाशकात आहे, आदिवासी विकास आयुक्तालयही इथेच, आणि जिल्ह्यातली चौथाई लोकसंख्या आदिवासी. मग या योजनेत सुरगाण्याची पोरं आपोआप दिसतील असं वाटतं ना? पण राखीव जागेवर एमबीबीएसला पोचलेल्या मुलाला घरात विचारायला कुणी डॉक्टर नसतो. अशी योजना आहे हेच त्याच्या कानावर उशिरा पडतं.

आणि खरं तर तोच सगळ्यांत कामाचा. पाड्यावरची माणसं हिवाळा-उन्हाळ्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, पावसाच्या तोंडाला भात-नागलीसाठी परततात. फेब्रुवारीत सर्वेक्षणाला गेलात तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल. हे त्याला सांगावं लागत नाही. 'वाहक' म्हणजे आजारी नव्हे, हे तो कोकणा बोलीत आजीला समजावू शकतो. संमतीच्या कागदावर अंगठा घेणं आणि संमती घेणं यातलं अंतर तिथेच कळतं.

जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. तुमचीही पाळी येईल. तपासणी जरूर करा. आधी साधी चाचणी होते, ती सकारात्मक आली तर पक्क्या निदानासाठी दुसरी. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी कळलेलं बरं. रक्त देताना विचारा : हे फक्त तपासणीसाठी, की अभ्यासासाठीही? अभ्यासाला नकार दिला तरी तुमचे उपचार थांबवता येत नाहीत. आणि घरातलं कुणी मेडिकलला असेल, तर पहिल्याच वर्षी त्याला कॉलेजात या विद्यार्थिवृत्तीची चौकशी करायला सांगा.