दीर्घिकेला शेपूट कुठून आली?

हस्त नक्षत्राच्या दिशेला दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत. विल्यम हर्शेलने १७८५ साली त्या शोधल्या. पुढे फोटोंत त्यांच्यातून निघालेल्या दोन लांब शेपट्या दिसल्या, कीटकाच्या मिशांसारख्या. म्हणून नाव पडलं अँटेनी.

असल्या वेड्यावाकड्या दीर्घिका वर्गीकरणात बसत नसत. हॉल्टन आर्पने पालोमारच्या दुर्बिणींनी नेमक्या त्याच टिपल्या आणि १९६६ मध्ये ३३८ नोंदींचा अ‍ॅटलास काढला. पण फोटो म्हणजे एक थांबलेला क्षण. ही टक्कर कोट्यवधी वर्षं चालते, तिचा व्हिडिओ कोण काढणार?

स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्गने १९४१ मध्येच एक जुगाड केला होता. प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतात. मग त्याने ताऱ्यांऐवजी टेबलावर दिवे मांडले, एका दीर्घिकेला ३७, दोन मिळून ७४. प्रत्येक जागी प्रकाश मोजायचा, तेवढं बल धरायचं, दिवे जरासे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. आम्ही ज्याला सिम्युलेशन म्हणतो ते हेच, फक्त लूप हाताने फिरवलेला!

१९७२ मध्ये अलार आणि युरी तूमरे या भावांनी हेच काम कॉम्प्युटरवर केलं. त्यांचं मॉडेल अगदी साधं. दीर्घिकेचं सगळं वस्तुमान मध्यबिंदूत, भोवती फिरणारे वजनहीन ठिपके. गुरुत्वाकर्षणाने इतक्या बारीक शेपट्या निघतील हे अनेकांना पटत नव्हतं. पण जवळची बाजू जास्त ओढली जाते, लांबची कमी. समुद्राला भरती येते तीच ही ओढ. ठिपके ताणले गेले आणि पडद्यावर अँटेनी उभी राहिली.

मी ते मॉडेल लॅपटॉपवर लिहून पाहिलं. शेपूट काही येईना. दोन रात्री बग शोधला, तर एका वेगाचं चिन्ह उलटं निघालं. गंमत म्हणजे तो निव्वळ बग नव्हताच. दीर्घिका ज्या दिशेने स्वतःभोवती फिरते त्याच दिशेने पाहुणी गेली, तर ओढ जास्त वेळ टिकते आणि लांब शेपूट निघते. उलट गेली तर फारसं काही होत नाही. हे तूमरे बंधूंनीही दाखवलं होतं. मी पेपर नीट वाचला नव्हता, इतकंच.

आर्पला मात्र हे चित्र पुरेसं वाटलं नाही. दीर्घिका आपल्या पोटातून पदार्थ बाहेर फेकतात आणि ताम्रसृतीवरून काढलेली अंतरं नेहमी खरी नसतात, यावर तो अडून राहिला. मला तो चुकला असंच वाटतं. तरी १९८०च्या दशकात पालोमारवर त्याला दुर्बिणीचा वेळ मिळेनासा झाला आणि तो जर्मनीला गेला, हे वाचून बरं वाटत नाही. टकरींवर काम करणारे आजही त्याचाच अ‍ॅटलास उघडतात. त्यात अँटेनीचा क्रमांक आहे आर्प २४४.