आधी जेवणाची सोय, मग कॉलेज

पुण्यात 'मंडई विद्यापीठ' असा शब्द थट्टेनं वापरतात. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, पण घासाघीस करण्यापासून राजकारणापर्यंत सगळ्यात पक्का असलेला माणूस म्हणजे या विद्यापीठाचा पदवीधर. थट्टा बाजूला ठेवली, तरी मंडईचं आणि पुण्याच्या खऱ्या कॉलेजांचं नातं जुनं आहे. ते नातं ताटातलं आहे. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या पोराला फी, पुस्तकं, वर्ग हे सगळं नंतर सुचतं. पहिला प्रश्न एकच असतो: जेवायचं कुठे?

कॉलेजांचा इतिहास वाचताना हा प्रश्न फारसा दिसत नाही. तिथे संस्थापक असतात, कोनशिला असतात, गाजलेले माजी विद्यार्थी असतात. पण गेल्या दोनशे वर्षांत पुण्यात कोण शिकू शकलं आणि कोण नाही, हे समजून घ्यायचं तर 'त्याला जेवायला कोण घालत होतं' हे बघावं लागतं.

दक्षिणा आणि माधुकरी

मंडईतून चालत निघालात, तर काही मिनिटांत विश्रामबागवाडा येतो. १८२१ साली इंग्रजांनी इथे 'हिंदू कॉलेज' उघडलं. यालाच संस्कृत पाठशाळाही म्हणत. पुण्यातल्या उच्चशिक्षणाची ही सुरुवात, आणि पुढे डेक्कन कॉलेज झालं ते याच रोपट्यातून. पैसा आला तो पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटली जायची. त्याच रकमेतला काही भाग या पाठशाळेकडे वळवला गेला. शिकणाऱ्यांच्या पोटाची सोय सरकारी तिजोरीतून झाली, पण सुरुवातीला तिथे प्रवेश फक्त ब्राह्मण मुलांना होता.

शहरातही गरीब विद्यार्थ्याला जेवू घालायची एक पद्धत रुळलेली होती. 'वार लावून जेवणं' म्हणजे आठवड्याच्या सात वारांना सात घरं ठरवून घ्यायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी उपास. दुसरी पद्धत माधुकरीची. मधमाशी जशी फुलाफुलातून थोडा थोडा मध घेते, तसं दारोदार जाऊन प्रत्येक घरून थोडंसं शिजवलेलं अन्न मागून आणायचं. कुणी भात घालणार, कुणी वरण, कुणी भाजी. सगळं एकत्र झालेलं तेच जेवण. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहातली मुलंही पेठांमधून अशीच माधुकरी मागायची.

आपल्याला आज हे वाचून कसंतरी होतं. पण हिशेबानं पाहिलं तर ही मोठी व्यवस्था होती. ना फॉर्म, ना उत्पन्नाचा दाखला, ना जामीन. पेठेतल्या शेकडो बायका रोज एका परक्या पोराचा घास काढून ठेवत होत्या, आणि त्यावर कितीतरी वकील, मास्तर, लेखक घडले. ही माणसं उपऱ्याच्या अन्नावर शिकली, हे त्यांच्या आत्मचरित्रांत लपवलेलंही नसतं. उलट अभिमानानं सांगितलेलं असतं.

फक्त या व्यवस्थेत एक अट न लिहिता घातलेली होती. ब्राह्मण घरात वार लावून जेवायचं, तर मुलगा त्या पंगतीला चालणारा हवा. कुणब्याचा, माळ्याचा मुलगा तिथे पानावर बसू शकत नव्हता. महार-मांगाच्या मुलाला दारातही उभं करत नव्हते. मुलींनी शिक्षणासाठी दारोदार जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून तर कर्व्यांना हिंगण्याला विधवांसाठी शाळा आणि राहण्या-जेवण्याची जागा एकत्रच उभी करावी लागली. कॉलेजचा दरवाजा कागदावर सगळ्यांना उघडा झाला, तरी स्वयंपाकघराचं दार बंद होतं. आणि स्वयंपाकघर बंद असेल, तर पन्नास मैलांवरून आलेला मुलगा कॉलेजात टिकणार कसा?

रे मार्केटचा हिशेब

याच काळात मंडई उभी राहिली. आधी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भाजीबाजार भरायचा. नगरपालिकेनं मोठा खर्च करून मधोमध मनोरा असलेली अष्टकोनी दगडी इमारत बांधली आणि १८८६ साली तिचं उद्घाटन झालं. तेव्हाचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती 'रे मार्केट' झाली.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. या खर्चिक बांधकामाला त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच इमारतीला त्यांचं नाव आहे. नामांतरात आचार्य अत्र्यांचा पुढाकार होता. पुणेकर या योगायोगावर हसतात. पण फुल्यांचा मुद्दा इमारतीपुरता नव्हता.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्याचा गाभा थोडक्यात असा: सरकारी तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्चशिक्षणावर, शेतकऱ्याच्या मुलाला साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही. मंडईत उभं राहून हे वाचलं की डोळ्यांसमोर चित्रच येतं. भाजी पिकवणारा हवेली-पुरंदरचा शेतकरी पहाटे गाडी जुंपून पुण्यात येणार. ती भाजी पेठेतल्या घरी जाणार. तिथे ती वार लावलेल्या विद्यार्थ्याच्या पानात पडणार. तो विद्यार्थी मामलेदार होऊन त्याच शेतकऱ्याकडे सारा मागायला जाणार. शेतकऱ्याचं पोर मात्र या साखळीत कुठेच बसत नाही.

१८७७ च्या दुष्काळात फुल्यांनी आणि सत्यशोधकांनी धनकवडीला बालाश्रम चालवून उपाशी मुलांना जेवू घातलं होतं. शिक्षणाच्या आधी अन्न लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

अमेरिकेतली पंगत

फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. तिथे तेव्हा काय चाललं होतं? १८६२ साली लिंकननं मॉरिल कायद्यावर सही केली. त्यातून सरकारी जमिनी विकून शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांसाठी कॉलेजं निघाली. पण तिथेही वर्गाचं दार एक आणि जेवणघराचं दार दुसरं. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात ठेवायला नकार दिला. वर्गात बसा, पण आमच्यासोबत राहू-जेवू नका, असा त्याचा अर्थ. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी विद्यापीठाला तो निर्णय फिरवावा लागला. दक्षिणेत तर काळ्या विद्यार्थ्यांची कॉलेजंच वेगळी होती. त्यांपैकीच नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कॉलेजचे चार विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबोरोच्या वूलवर्थ दुकानात, फक्त गोऱ्यांना खाणं मिळणाऱ्या काउंटरवर जाऊन बसले, आणि त्यातून देशभर आंदोलन पेटलं. विद्यार्थ्यांनी लढाई सुरू केली ती खाण्याच्या टेबलावरून.

उलट अनुभव बाबासाहेब आंबेडकरांचा. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. न्यूयॉर्कमध्ये इतर विद्यार्थ्यांसारखंच राहायचं, जेवायचं, आणि कुणी जात विचारत नाही, हे त्यांच्यासाठी नवं होतं.

बोर्डिंगची पोरं

आपल्याकडे या कोंडीवर उत्तर निघालं ते बोर्डिंगच्या रूपात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहांची रांगच लावली. वार लावायला घरं नाहीत ना, मग आपलंच मोठं घर बांधू, असा तो विचार. पुण्यात डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन होती. तिच्या मदतीवर जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनमध्ये शिकले आणि पुढे ऑक्सफर्डपर्यंत गेले.

पण जातीनिहाय बोर्डिंगमध्ये पंगती वेगळ्याच राहिल्या. ती भिंत भाऊराव पाटलांनी पाडली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकच बोर्डिंग काढलं. मुलं एकत्र राहायची, एकत्र राबायची, एका पंगतीत जेवायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ताट ही व्यवस्था असेल, तर तिची किंमत बहुतेक वेळा बाईनं मोजली आहे, मग ती पेठेतली असो की बोर्डिंगमधली. पुढे १९३२ साली पुणे कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यातही 'युनियन बोर्डिंग हाऊस' सुरू केलं.

भाऊरावांनी आणखी एक गोष्ट बदलली. माधुकरीत मुलगा घेणारा होता. 'कमवा आणि शिका'मध्ये तो कमावणारा झाला. दान घेताना मान खाली जाते, घामाची भाकरी खाताना जात नाही. पुण्यात १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीनं हाच धागा पुढे नेला, आणि विद्यापीठातही 'कमवा व शिका' योजना आली.

मेसचं कार्ड

आता पुण्यात राज्य मेसचं. सदाशिव, नारायण, नवी पेठ, टिळक रोडवरची बादशाही, अभ्यासिकांच्या गल्ल्यांतल्या घरगुती खानावळी. पैसे भरा, कार्ड घ्या, जेवा. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. भाजीत पाणी किती आणि पोळी कच्ची का, यावर तक्रार करायचा हक्क आपल्याला आहे, कारण आपण पैसे मोजले आहेत. हा हक्क छोटा नाही. शेजारच्या ताटावर कोण बसलंय, त्याचं आडनाव काय, हे मेसमध्ये कुणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यात हे घडलं नसतं. (खोली भाड्यानं घेताना आडनाव अजून विचारतात, हा वेगळा लेख होईल.)

पण जातीची अट सैल झाली, तिथे पैशाची अट घट्ट झाली. मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलवर एकवेळचं कार्ड काढणारे बरेच जण होते. दुसऱ्या वेळेला बिस्किट आणि चहा. 'डाएटवर आहे' असं ते सांगायचे. पाऊस न पडलेल्या वर्षी डाएटवाल्यांची संख्या वाढायची.

सरकारनं याचा विचार केलाच नाही असं नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली. सुरुवातीच्या नियमानुसार पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, त्यांतले ३२,००० जेवणाचे. ३६५ नं भागा: दिवसाला ८८ रुपयांच्या आत. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा बसवायचा. शिवाय मेसवाल्या काकू पैसे महिन्याच्या सुरुवातीला मागतात. सरकारी हप्ता खात्यावर जमा होईपर्यंत त्या थांबत नाहीत, आणि त्यांचंही हातावरचं पोट, त्यांनी थांबावं तरी कसं?

म्हणून एखाद्या कॉलेजची वेबसाइट उघडली आणि स्थापनेचं साल, हेरिटेज इमारत, नामवंत माजी विद्यार्थी असं सगळं दिसलं, की मी हल्ली आणखी एक गोष्ट शोधतो: बाहेरगावची पोरं इथे जेवतात कुठे, आणि त्याचा खर्च कोण करतं? बहुतेक ठिकाणी त्यावर एक ओळही सापडत नाही. फुल्यांनी १८८२ साली मांडलेला हिशेब तिथेच अडलाय. मंडईत भाजी रोज पहाटे येते. ती पिकवणाऱ्याचं पोर आता कॉलेजात आलंय. त्याचं दुसऱ्या वेळचं ताट अजून बाकी आहे.