यॉर्कचा हिशेब आणि गरिबाची सिगारेट

१/ इ.स. १८९९. इंग्लंडमधील यॉर्क शहर. चॉकलेटच्या कारखानदाराचा २८ वर्षांचा मुलगा, सीबोम राउंट्री, एका प्रश्नाचा शोध घेत आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला नुसते जगण्यासाठी आणि काम करण्याइतके धडधाकट राहण्यासाठी आठवड्याला किती पैसे लागतात? उत्तर निघाले : २१ शिलिंग ८ पेन्स. या हिशेबात तंबाखूसाठी एक पेनीही धरलेली नव्हती.

आजचा धागा त्या न धरलेल्या पेनीविषयी आहे. गरीब माणसाच्या धूम्रपानाकडे समाजाने, सरकारने आणि शास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत कसे पाहिले? त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली जाणारी हिशेबाची वही त्याच्या मदतीला कशी आली? #म #इतिहास #धागा

२/ राउंट्रीच्या पाहणीत ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा झाली. १९०१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. यॉर्कच्या लोकसंख्येपैकी जवळपास २८ टक्के लोक दारिद्र्यात होते. त्यांचे त्याने दोन भाग केले. ज्यांची मिळकतच अपुरी, ते ‘प्राथमिक दारिद्र्यात’. ज्यांची मिळकत कागदावर पुरेशी, पण तिचा काही भाग इतरत्र खर्च होतो, ते ‘दुय्यम दारिद्र्यात’. पहिल्या गटात सुमारे १० टक्के लोक होते, दुसऱ्यात सुमारे १८ टक्के.

३/ २१ शिलिंग ८ पेन्समध्ये जगायचे म्हणजे काय, हेही त्याने सांगितले. आगगाडीचे भाडे नाही, वर्तमानपत्र नाही, परगावी असलेल्या मुलाला पत्र नाही, मुलांना गोट्या वा बाहुली नाही, बापाला तंबाखू नाही. राउंट्री येथे उपदेश करीत नव्हता. इतका निर्दय निकष लावूनही इतकी माणसे गरीब ठरतात, हे त्याला दाखवायचे होते.

परंतु ‘दुय्यम दारिद्र्य’ या संज्ञेत एक धोका दडलेला होता. घरात तंबाखू दिसली की दारिद्र्याचे खापर घरधन्यावर फोडण्याची सोय त्यातून होत होती.

४/ याच सुमारास तंबाखूचे रूपही पालटत होते. अमेरिकेत जेम्स बॉन्सॅकच्या सिगारेट वळण्याच्या यंत्राला १८८१ साली पेटंट मिळाले. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने १८८३ साली या यंत्राचे ब्रिटनमधील हक्क घेतले आणि १८८८ साली ‘वुडबाइन’ सिगारेट बाजारात आणली. एका पेनीत पाच! हाताने वळलेली सिगारेट ही तोवर चैनीची वस्तू होती. यंत्राने ती गिरणीतल्या, गोदीतल्या मजुराच्या खिशात नेली.

५/ पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात तंबाखू आली आणि सिगारेट हे सोबत्याला देण्याचे, भीती घालवण्याचे साधन झाले. १९४८ साली ब्रिटनमधील सुमारे ८२ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू ओढत होते. त्यात लॉर्ड होते, डॉक्टर होते, खाणकामगारही होते. धूम्रपान ही तेव्हा ‘गरिबांची सवय’ नव्हती. हा मुद्दा पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावा.

६/ स्वतः राउंट्रीचेही मत बदलले. १९३६ साली त्याने यॉर्कची पुन्हा पाहणी केली, तेव्हा किमान गरजांची यादी वाढवून त्याने किरकोळ वैयक्तिक खर्चालाही जागा दिली. माणूस केवळ उष्मांकांवर जगत नाही, हे आता त्याच्या हिशेबात उतरले होते.

७/ एप्रिल १९४७. युद्ध जिंकलेले, पण तिजोरी रिकामी. ब्रिटनमध्ये ओढली जाणारी बहुतेक तंबाखू अमेरिकेहून येई आणि तिचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागत. अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी तंबाखूवरील कर एकदम वाढवला. वीस सिगारेटींचे पाकीट २ शिलिंग ४ पेन्सवरून ३ शिलिंग ४ पेन्सवर गेले. हेतू आरोग्याचा नव्हता, डॉलर वाचवण्याचा होता.

८/ या वाढीचा खरा फटका बसला तो तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना. ओरड झाली आणि सरकारने त्यांच्यासाठी सवलतीची कुपने काढली. धूम्रपान करणाऱ्या पेन्शनधारकाला आठवड्याला २ शिलिंग ४ पेन्सचे तंबाखूचे कुपन मिळू लागले. आज हे वाचून आश्चर्य वाटते. पण तत्कालीन दृष्टीने ती करुणाच होती. म्हाताऱ्याचा शेवटचा विरंगुळा महाग होऊ नये, एवढाच विचार त्यामागे होता.

९/ आणि मग सप्टेंबर १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा शोधनिबंध आला. लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांची तुलना करून त्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. तरीही पेन्शनधारकांची कुपने १९५८ पर्यंत चालूच राहिली. आठ वर्षे एक हात धोक्याची सूचना लिहीत होता आणि दुसरा सवलत वाटत होता.

१०/ १९६२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा धूम्रपानावरील अहवाल आला. त्यानंतरच्या दशकांत सुशिक्षित, सुस्थित वर्गाने सिगारेट झपाट्याने सोडली. श्रमिक वर्गात ती घट फार संथ होती. जी सवय १९४८ साली साऱ्या समाजाची होती, ती शतकाच्या अखेरीस मुख्यतः गरिबांच्या वाट्याला उरली. तिच्यासोबत आजार उरले आणि खर्चही उरला.

११/ असे का व्हावे? ‘त्यांना कळत नाही’ हे सोपे उत्तर होते. समाजशास्त्रज्ञ हिलरी ग्रॅहम यांनी ते स्वीकारले नाही. कमी उत्पन्नात मुले वाढवणाऱ्या स्त्रियांच्या दिनक्रमाचा त्यांनी अभ्यास केला. १९९३ सालच्या त्यांच्या पुस्तकातून दिसते ते असे : धोका या स्त्रियांना माहीत होता. पण मुलांचे रडणे, थकलेले भाडे आणि कामाचा रगाडा यांच्यामध्ये सिगारेटची पाच मिनिटे ही त्यांची स्वतःची अशी एकमेव विश्रांती होती.

१२/ त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने ठरवले की तंबाखूवरील कर दरवर्षी महागाईपेक्षा किमान ३ टक्के अधिक वाढवायचा. किंमत वाढली की एकूण धूम्रपान घटते, हे खरेच आहे. पण १९९४ साली अ‍ॅलन मार्श आणि स्टीफन मकाय यांनी ‘पुअर स्मोकर्स’ या अभ्यासात दुसरी बाजू मांडली. सर्वांत गरीब कुटुंबांतील अनेकांना सिगारेट सुटत नव्हती. तेव्हा वाढीव कर जात होता तो मुलांच्या बुटांतून आणि घरच्या जेवणातून.

१३/ आता कथेचा दुसरा प्रवाह पाहू. १९७१ साली बर्मिंगहॅम सेटलमेंट या समाजसेवी संस्थेने कर्जात बुडालेल्यांसाठी सल्लाकेंद्र उघडले. ब्रिटनमधील अशा केंद्रांत ते पहिले मानले जाते.

सल्लागाराचे काम काय? न उघडलेली पत्रे उघडायची. सारी देणी एका कागदावर मांडायची. घरभाडे आणि वीज आधी, बाकीचे नंतर, असा क्रम लावायचा. धनकोशी बोलून झेपेल असा हप्ता ठरवायचा. हक्काचा एखादा सरकारी भत्ता घ्यायचा राहिला आहे का, ते पाहायचे. आणि हे सारे दोष न देता करायचे.

१४/ हे दोन प्रवाह दीर्घकाळ वेगळेच वाहत राहिले. १९९९ पासून ब्रिटनच्या आरोग्यसेवेने सिगारेट सोडवणारी केंद्रे सुरू केली, तीही आधी वंचित भागांत. पण तेथे बोलणे होई ते निकोटिनचे. कर्जाचे बोलणे दुसऱ्या कचेरीत. माणूस मात्र एकच होता. दुपारी धमकीचे पत्र वाचून संध्याकाळी सिगारेट पेटवणारा.

१५/ २००९ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोहम्मद सियापुश आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांतील धूम्रपान करणाऱ्यांची पाहणी अभ्यासली होती. आर्थिक ताणाखालील लोकांना सिगारेट सोडण्याची इच्छा इतरांपेक्षा अधिक होती. प्रत्यक्ष प्रयत्न आणि यश मात्र कमी. म्हणजे उणीव इच्छेची नव्हती. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये पैशाची काळजी उभी होती.

१६/ काळजीने एवढे काय बिघडते? याचा एक पुरावा आपल्याच देशातून आला. तमिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादकांची बुद्धिचाचणी संशोधकांनी दोनदा घेतली. एकदा तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना. पुन्हा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीच माणसे पैशाच्या चणचणीत लक्षणीय कमी गुण मिळवताना दिसली. चणचण मनाचा मोठा भाग व्यापून टाकते. व्यसन सोडण्यासाठी नेमका तोच भाग मोकळा हवा असतो.

१७/ मग पैशाच्याच वाटेने मदत करता येईल का? २००६ साली फिलिपिन्समधील मिंडानाओ बेटावर एक वेगळे बचतखाते सुरू झाले. सिगारेटवर जाणारे पैसे सहा महिने त्यात भरायचे. शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटिनचा अंश आढळला नाही, तर सारे पैसे परत. आढळला, तर रक्कम धर्मादाय.

देऊ केलेल्यांपैकी ११ टक्क्यांनीच हे खाते उघडले. तरीही ज्यांना ते देऊ केले होते, त्या साऱ्या गटात सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के-अंकांनी अधिक भरले, आणि वर्षानंतर अचानक घेतलेल्या तपासणीतही तो फरक टिकून होता.

१८/ स्कॉटलंडने उलट मार्ग धरला. माणसाचे स्वतःचे पैसे अडकवण्याऐवजी त्याला पैसे द्यायचे! डंडी शहराच्या गरीब वस्त्यांत २००९ पासून, आठवड्याच्या श्वासतपासणीत उतरणाऱ्याला किराण्यासाठी १२.५० पौंड मिळत, जास्तीत जास्त १२ आठवडे.

पुढे ग्लासगोमध्ये ६१२ गर्भवती स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. नेहमीची मदत दोन्ही गटांना होती. एका गटाला त्याखेरीज ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची कुपने. २०१५ साली निकाल आला. कुपनांच्या गटात २२.५ टक्के स्त्रियांनी सिगारेट सोडली होती, दुसऱ्या गटात ८.६ टक्के.

आठवते ना, १९४७ सालची कुपने? तेव्हा ती तंबाखू घेण्यासाठी होती.

१९/ दोन प्रवाहांचा खरा संगम न्यूयॉर्कमध्ये झाला. तेथील कमी उत्पन्न असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांसाठी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एकाच कार्यक्रमात सिगारेट सोडण्याचा सल्लाही दिला गेला आणि देणी, मासिक अंदाजपत्रक, हक्काचे भत्ते यांविषयीची मदतही. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा, मदत मिळालेल्या गटात सिगारेट सोडलेल्यांचे प्रमाण प्रतीक्षा यादीवरील गटाहून अधिक होते. पैशाचा घोरही त्यांना कमी होता.

२०/ येथे थोडी सावधगिरी हवी. अडकवलेली बचत, बक्षीस आणि सल्ला ही तीन वेगळी साधने आहेत. पहिले माणसाला स्वतःच्या शब्दाशी बांधते. दुसरे कठीण आठवड्यांची भरपाई करते. तिसरे सिगारेट पेटवायला लावणारी काळजीच हलकी करू पाहते. यांपैकी एकही रामबाण नाही. ग्लासगोत कुपने मिळूनही चारांपैकी तीन स्त्रियांना सिगारेट सुटली नाही. निकोटिनचा विळखा हिशेबाच्या वहीपेक्षा जुना आणि घट्ट असतो. औषध आणि समुपदेशन यांना पर्याय नाही.

२१/ पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर एक बदल ठळक दिसतो. सव्वाशे वर्षांपूर्वी गरिबाचा हिशेब दुसराच कोणी मांडत असे, आणि त्यात तंबाखू दिसली की तो दोष ठरत असे. बर्मिंगहॅमच्या सल्लागाराने आणि त्याच्यामागून न्यूयॉर्कच्या केंद्रांनी तोच हिशेब गरिबाच्या शेजारी बसून मांडला. ‘एवढे पैसे धुरात घालवलेस’ आणि ‘हे पैसे हाती राहिले तर कोणते देणे आधी फिटेल’, या दोन वाक्यांतील आकडा एकच असतो. दुसऱ्या वाक्यानंतर माणूस पुन्हा भेटायला येतो.

२२/ जाता जाता एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. विडीकाडी, तपकीर, पानतंबाखू यांची नोंद कोणत्या सदराखाली आहे, ते पाहा. ‘किरकोळ’मध्ये आहे, की मुळीच लिहिलेली नाही? राउंट्रीने यॉर्कमध्ये जे शोधले, त्याचे धागे अशाच वह्यांत सापडतात. काही गवसले, तर खाली जरूर लिहा.

धागा समाप्त. 🙏