रामटेकचा धूम्रेश्वर

नागपूरच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर रामटेकची टेकडी आहे. विदर्भातल्या श्रद्धाळू माणसाला ती एकदा तरी चढायची असते. पायथ्याशी अंबाळा तलाव, त्याच्या काठचे घाट आणि देवळे. वर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरे. एक प्रचंड दगडी वराह, त्याच्या पोटाखालून सरपटत जाऊन भाविक आपले पाप तपासतात. तटाच्या आत लक्ष्मण आणि राम. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी या स्थानाचा जीर्णोद्धार केला. शेजारी कालिदासाचे स्मारक आहे, पलीकडे खिंडसी तलाव आहे. सहलीला एवढे पुरते. महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन मी जातो तेव्हा मात्र आमचा अधिक वेळ एका लहानशा स्थानापाशी जातो. ते स्थान धूम्रेश्वराचे.

धूम्रेश्वर म्हणजे शंबूक, असे स्थानिक परंपरा सांगते. रामाने शूद्र तपस्वी शंबूकाचा वध याच टेकडीवर केला. मरताना शंबूकाने वर मागितला की रामाने इथेच राहावे आणि रामाच्या आधी माझी पूजा व्हावी. म्हणून आधी धूम्रेश्वर, मग राम. ज्याचा शिरच्छेद झाला त्यालाच लिंग करून पूजेला बसवले, आणि ज्याने तो केला त्याच्या दर्शनाची पहिली पायरी केले. ही व्यवस्था कोणी, कधी आणि कशासाठी लावली? इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न हा आहे. शंबूक खरोखर होऊन गेला का, या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही.

पुरावे क्रमाने पाहू. रामायणाच्या उत्तरकांडात शंबूकाची कथा येते ती दक्षिणेकडील शैवल पर्वताच्या उत्तरेस असलेल्या एका सरोवराकाठी. ब्राह्मणाचा मुलगा अकाली मेला, त्याचे कारण शूद्राचे तप असे ठरले, रामाने त्या तपस्व्याला वर्ण विचारला आणि तलवार चालवली. पाचव्या शतकात वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, या टेकडीच्या शेजारीच होती. राणी प्रभावतीगुप्ताचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामीच्या पायांपाशी दिलेला आहे. देवस्थान तेव्हा होते, राजाश्रयही होता. शंबूकाचे नाव त्या ताम्रपटात नाही. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी हाच, असे वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी मांडले. त्या काव्यात रामाच्या पाऊलखुणा आहेत, सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले पाणी आहे, शंबूक तिथेही नाही. तो भेटतो कालिदासाच्याच 'रघुवंशा'त: झाडाला उलटा टांगलेला, धुराने डोळे तांबडे झालेला. आणि कवीचा निर्वाळा असा की स्वतःचा मार्ग सोडून केलेल्या खडतर तपाने त्याला जी गती मिळाली नसती, ती राजाच्या हातून मरण आल्याने मिळाली.

आठव्या शतकाच्या सुमारास विदर्भाचाच भवभूती 'उत्तररामचरिता'त ही घटना आणतो. त्याच्या रामाचा हात तलवार उचलताना जड होतो, त्याला स्वतःच्या हाताची समजूत काढावी लागते. वध मात्र टळत नाही. शंबूक दिव्य रूप घेऊन उठतो आणि रामाचे आभार मानतो. मग येतो तेराव्या शतकाचा शेवट. यादव राजा रामचंद्राच्या काळात लक्ष्मण मंदिराच्या भिंतीवर एक संस्कृत लेख कोरला गेला. आज तो बराच झिजला आहे. त्यात रामाच्या तलवारीने मरून विष्णुपदाला गेलेला शूद्र मुनी शंबूक आहे आणि या पर्वतावरील धूम्राक्ष या नावाशी त्याचा संबंध आहे. धुराने तांबडे झालेले डोळे आता देवाचे नाव झाले. शेकडो वर्षांच्या या प्रवासात कथेतला वध तसाच राहिला. वाढत गेले ते त्याचे समर्थन. ज्या कृत्याचे समर्थन इतक्या वेळा करावे लागते, ते कृत्य ऐकणाऱ्यांच्या मनाला कुठेतरी टोचत असले पाहिजे.

त्याच तेराव्या शतकात रामटेकच्या वाटेवर दुसरी एक गोष्ट घडली. महानुभाव परंपरेप्रमाणे चक्रधर रामयात्रेला म्हणून रामटेककडे निघाले आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी थांबले. गोविंदप्रभूंच्या चरित्रात पाण्यावाचून तळमळणारे मातंग त्यांना विनवणी करतात आणि ते विहीर कुठे खणायची ती जागा दाखवतात. एकीकडे शूद्राच्या मरणाला मोक्ष म्हणणारा संस्कृत शिलालेख, दुसरीकडे अस्पृश्यांच्या विहिरीची नोंद ठेवणारे मराठी गद्य. इतिहास एकाच आवाजात बोलत नाही, हे मुलांना याहून चांगले कसे दाखवणार?

कोणी म्हणेल, ही जुनी मढी कशाला उकरायची? मी नालवाडीचा आहे, म्हणून मला ती जुनी वाटत नाहीत. १९३० नंतरच्या दशकात विनोबा आमच्या गावात राहिले, इथे चर्मालय निघाले, आणि आमच्या वाडवडिलांवर लादलेले कातडी कमावण्याचे काम सवर्ण कार्यकर्त्यांनी शिकून घेतले. त्याआधी, जुलै १९२८ मध्ये, जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. या कामांचे मोल मी नाकारत नाही. पण १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त शंबूकाचाच दाखला दिला. चातुर्वर्ण्य हे दंडाच्या धाकावाचून टिकूच शकत नाही, म्हणून रामराज्यात शंबूकाचा वध अटळ होता, असा तो युक्तिवाद आहे. त्यावर जुलै १९३६ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींचे उत्तर आले. वर्ण म्हणजे वाडवडिलांच्या व्यवसायावर पोट भरणे, आणि सगळे व्यवसाय सारख्या मोलाचे, असे त्यांनी मांडले. तेव्हा ते नालवाडीपासून काही कोसांवर, शेगावात राहत होते; तेच पुढे सेवाग्राम झाले. कातडे कमावणाऱ्याला मान मिळावा हे ठीकच. पण ते सोडून त्याच्या मुलाने पुस्तक हाती घेतले तर? शंबूकाचा गुन्हा तरी दुसरा कोणता होता? 'स्वतःचा मार्ग' सोडला, एवढाच. आज वर्गात माझ्यासमोर बसणारा प्रत्येक मुलगा आणि मुलगी तोच गुन्हा करत आहे.

आता थोडे आपल्या लोकांविषयी. रामटेकजवळ मनसरला गेल्या शतकाच्या अखेरीस भदन्त सुरई ससाई यांच्या प्रयत्नांनी उत्खनन सुरू झाले. मोठ्या विटांच्या इमारती निघाल्या. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे बौद्ध अवशेष पाहिले. इतर अभ्यासकांनी ते दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरेश्वर देवालय मानले. आचार्य नागार्जुनाचे नाव या परिसराशी लोकपरंपरेने जोडलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्याला आपली भूमी हवी आहे, आणि ती ओढ मला समजते. पण परंपरा आणि पुरावा यांत फरक न करण्याची सवय आपण पुराणिकांकडून उसनी घेऊ नये. १९८८ च्या सुरुवातीला 'रिडल्स'साठी मुंबईच्या रस्त्यावर लाखो माणसे उतरली ती बाबासाहेबांचा प्रश्न विचारण्याचा हक्क राखण्यासाठी. तो हक्क आपल्या माणसांच्या दाव्यांनाही लागू आहे.

म्हणून शिक्षक मित्रांना माझी सूचना साधी आहे. रामटेकला मुलांना जरूर न्या. दर्शन घ्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. नेण्यापूर्वी वर्गात उत्तरकांडातला प्रसंग, 'रघुवंशा'तला प्रसंग, यादवांच्या लेखाचा अर्थ आणि 'जातिनिर्मूलना'तली ती पाने एकामागून एक वाचून घ्या. मग धूम्रेश्वरापाशी उभे करून प्रत्येकाला एकच प्रश्न लिहायला सांगा: हा वर शंबूकाने मागितला, असे आपल्याला कोण सांगतो आहे?